लोणारचे सरोवर आणि आपले विज्ञानवाङ्मय

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखांची मांडणी बहुधा ठरीव असते : प्रथम लवणासुराची कथा, मग दैत्यसूदनाच्या मंदिराचे वर्णन, नंतर उल्कापाताची हकीकत आणि शेवटी ‘निसर्गाचा चमत्कार’ हा उद्गार. वाचकाची जिज्ञासा जेथे जागी व्हावयाची, नेमका तेथेच लेख संपतो. हा दोष माहितीचा नसून दृष्टीचा आहे, असे आम्हांस वाटते.

पुराणकथेस प्रथम न्याय दिला पाहिजे. भूमीखाली दडलेला असुर, त्याच्या विवराचे झाकण उडवून त्याचा वध करणारा विष्णू, आणि असुराच्या रक्तामांसापासून झालेले खारे पाणी, ही तिची रूपरेषा. खोल विवर व खारट पाणी या दोहोंचे कारण तिने एकाच घटनेत शोधले आहे. कार्यकारणभावाची ही ओढ शास्त्रास परकी नव्हे. मात्र असुर मेला की कथा संपते. तिच्यातून पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

शास्त्राच्या कथेचे तसे नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकात आहे. तेव्हा ते ज्वालामुखीचे मुख असावे, असा तर्क प्रथम झाला, हे स्वाभाविकच होते. परंतु हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्याहून पुष्कळच अलीकडचे. शिवाय केवळ प्रचंड आघातानेच खनिजाची जी विशिष्ट काच बनते, ती येथे सापडली. आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताचा पक्ष बळकट केला. विवराच्या वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ च्या मापनाने सुमारे ५ लक्ष ७० हजार. आमचे लेखक यांतील एकच आकडा सिद्धान्तासारखा छापतात, आणि शास्त्रातील खरी रंगत वाचकापासून दडवितात.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे. आघात हा ग्रहांच्या इतिहासातील अपवाद नव्हे. ग्रह घडले ते आघातांनीच. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांचा एक मेघ स्वतःच्या भाराने आकुंचन पावला. त्याच्या मध्यभागी सूर्य पेटला. भोवतीच्या चकतीत कणास कण चिकटून खडे झाले, खड्यांचे पर्वतप्राय गोळे झाले, आणि ते एकमेकांवर आदळत पृथ्वीसारखे ग्रह बनले. चंद्रही अशाच एका महाभयंकर टकरीतून निपजला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लोणारच्या खडकातील लोखंड तर सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांच्या पोटात शिजलेले आहे. अर्थात लोणार म्हणजे त्या जुन्या बांधकामाचा अगदी उशिरा पडलेला एक लहानसा घाव होय. ज्यास आपण चमत्कार म्हणतो, तो येथे नियम आहे.

हे सांगण्यास मराठी असमर्थ आहे काय ? शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा, डॉ. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ तर अनेक घरांत वाचले गेले. तेव्हा दोष भाषेकडे नाही. आश्चर्य व्यक्त केले की समजावून सांगण्याचे कर्तव्य संपले, या समजुतीकडे आहे.

चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही. म्हणून तेथील विवरे कोट्यवधी वर्षे टिकून आहेत. लोणारचा काठ मात्र दर पावसाळ्यात झिजतो आणि तळ गाळाने भरत जातो. पृथ्वीने आपल्या जन्मवृत्तान्ताची बहुतेक पाने अशीच पुसून टाकली आहेत. वऱ्हाडात उरलेले हे एक पान आमच्या लेखकांनी नुसते न्याहाळू नये, वाचून दाखवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.