नावातला 'अ'

रीलवर वजडीचा रस्सा दिसला की खाली 'हटके', 'एक्झॉटिक' अशा कमेंट पडतात. मीही टाकल्या आहेत. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचल्यापासून मात्र ते शब्द टाइप करवत नाहीत.

मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं जेवण हा या पुस्तकाचा विषय. आठवणी आणि पाककृती त्यात हातात हात घालून येतात. साकळलेलं रक्त शिजवून केलेली रक्ती, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून साठवलेल्या चान्या. चान्या वाळवायच्या, कारण अख्ख्या जनावराचं मांस एका दिवसात संपत नाही. तेल-तूप जवळजवळ नाहीच, कारण ते परवडायचं नाही.

माझ्या मते पुस्तकाची ताकद पाककृतींपेक्षा या कारणांत आहे. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांच्याच वाट्याला ते मांस आलं. आणि त्यांचंच खाणं पुन्हा 'तामसी' ठरलं. त्यामुळे नावातला 'अ' ही नुसती कोटी नाही. 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांच्या ताटात हे अन्न कधी धरलंच नव्हतं, हा त्यातला आक्षेप आहे.

२०२४मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला : 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. स्वयंपाकघर कुणाचं, हे त्या नावातून कळतं. भांडण कुणाशी, हे कळत नाही. ते मराठी नावातच आहे.

पुस्तक आलं त्याच वर्षी राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. यातलं काही आता फक्त वाचायलाच उरेल. म्हणून तरी ते 'हटके' म्हणून वाचू नये.