'फ्रीरेन'नंतर काय बघायचं?

'फ्रीरेन' संपलं की ॲप लगेच पुढच्या मालिका सुचवतं. एल्फ, जादूगार, राक्षसांचा राजा, तलवारी. यामागचं गणित सोपं आहे: मालिकेला लावलेले टॅग जुळवायचे, आणि तुमच्यासारख्या प्रेक्षकांनी नंतर काय पाहिलं ते मोजायचं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या पद्धतीला सरसकट नावं ठेवणार नाही. पण पाणी कुठे मुरतं ते दिसतं. मालिकेत काय काय आहे हे टॅग सांगतो. मालिका कशाबद्दल आहे हे सांगत नाही.

'फ्रीरेन' कशाबद्दल आहे? कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांच्या मांगावरून मॅडहाउसने केलेला २८ भागांचा हा पहिला सीझन २०२३ मध्ये सुरू झाला. एरवी गोष्ट जिथे संपते तिथे ही सुरू होते. राक्षसांच्या राजाला मारून चौघं परत आलेत. मोहीम दहा वर्षांची. हजारावर वर्षं जगलेल्या फ्रीरेनच्या आयुष्याचा एक टक्कासुद्धा नाही. पन्नास वर्षांनी ती पुन्हा भेटते, तेव्हा हिम्मेल म्हातारा झालाय. लवकरच तो जातो. अंत्ययात्रेत तिला रडू फुटतं, कारण या माणसाला जाणून घ्यायचा प्रयत्नच तिने केलेला नसतो. इथून पुढे पडद्यावर काळ दाखवला जातो तो 'वीर हिम्मेलच्या मृत्यूनंतर अमुक वर्षांनी' असा. जो जिवंतपणी तिला कळला नाही, त्याच्या जाण्यापासून मालिका वर्षं मोजते. माझ्या मते सगळी मालिका त्या एका ओळीत आहे.

न मरणारं पात्र म्हटलं की आपल्याला जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आठवतो. त्याचं अमरत्व हा शाप आहे. फ्रीरेनला कुणी शाप दिलेला नाही. तिच्याकडे वेळ भरपूर आहे, आणि म्हणूनच तिला उशीर झाला. माणूस गेल्यावर त्याची ओळख होऊ शकते का, हा इथला प्रश्न. पुढची नावं मी या प्रश्नावरून निवडली आहेत.

पहिलं नाव 'माक्विया'. मारी ओकादाने दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, २०१८ चा. माक्वियाच्या जमातीतली माणसं किशोरवयानंतर म्हातारी दिसतच नाहीत. मेलेल्या आईच्या हातातलं बाळ ती उचलते आणि वाढवते. मुलगा मोठा होतो, तिच्याहून मोठा दिसू लागतो, तिला आई म्हणायला लाजतो. फ्रीरेनला जे नंतर कळतं, ते माक्विया रोज समोर बघत असते. ही दोन्ही लागोपाठ बघा, एकमेकांना उत्तरं देतात. युद्धाचं उपकथानक मात्र घाईत उरकलंय.

दुसरं 'मुशिशी' (२००५), दिग्दर्शक हिरोशी नागाहामा. यात एल्फ नाहीत, लढाया नाहीत; कुठल्याही टॅगने ही 'फ्रीरेन'शेजारी येणार नाही. मुशी नावाचे जीव गिंकोकडे ओढले जातात, म्हणून त्याला एका जागी राहता येत नाही. प्रत्येक भागात नवं गाव, नवं दुखणं, आणि मग निरोप. काही दुखणी बरी होतात, काही होत नाहीत. 'फ्रीरेन'मधले गावोगावचे शांत भाग ज्यांना आवडले, त्यांच्यासाठी हीच खरी पुढची मालिका.

तिसरं 'टू युअर इटर्निटी' (२०२१). यातला फुशी गमावलेल्या माणसांची रूपं घेऊ शकतो. आठवण म्हणजे अक्षरशः त्याचं शरीर. कल्पना 'फ्रीरेन'पेक्षाही धाडसी आहे. पहिला भाग तर अप्रतिम. पण पुढे मृत्यू इतके येतात की आपण प्रत्येक नव्या पात्राकडे 'हा कधी जाणार' म्हणूनच बघू लागतो. 'फ्रीरेन' प्रेक्षकाला रडवायची घाई करत नाही, हा फरक इथे नीट कळतो.

'व्हायोलेट एव्हरगार्डन' सगळेच सुचवतात. मी फक्त दहावा भाग सुचवेन. आजारी आई मुलीच्या पुढच्या पन्नास वाढदिवसांसाठी पत्रं लिहून ठेवते. हिम्मेलनेही गावोगावी स्वतःचे पुतळे उभारून घेतले होते. पुढे फ्रीरेन एकटी पडू नये, हेही त्यामागचं एक कारण होतं. माणूस गेल्यावरही भेटत राहावा, याची तजवीज दोघांनी आधीच केली होती.

मित्राला मालिका सुचवताना 'ही त्याच्यासारखीच आहे' एवढ्यावर थांबू नका. कशात सारखी, ते एका वाक्यात सांगा. ते वाक्य सापडलं नाही, तर निदान 'मुशिशी'चा पहिला भाग लावून द्या.