स्वस्त कोंबडीचा अपुरा हिशेब

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारची सुट्टी झाली की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर आणि खानावळींत गर्दी उसळते. कारखान्यातला कंत्राटी कामगार, संगणक कंपनीतला मुलगा आणि शिळफाट्याकडून माल घेऊन आलेला ट्रकचालक शेजारी शेजारी उभे राहून जेवतात. तिघांच्याही ताटात बहुधा कोंबडीच असते. याच पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत दोन पिढ्यांपूर्वी कोंबडी कापली जायची ती गटारीला, शिमग्याला, नवस फेडायला किंवा जावई आला तर. एरवी परसात फिरणारी कोंबडी ही घरातल्या बाईची बचत होती. सणाचे अन्न रोजचे झाले, हा बदल लहान नाही. ज्यांच्या जेवणात डाळीपलीकडे प्रथिने नव्हती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली. म्हणून या उद्योगाची चिकित्सा करताना ‘खाऊच नका’ असे सांगणे सोपे असले तरी ते अप्रामाणिक ठरेल.

प्रश्न वेगळा आहे. कोंबडी स्वस्त झाली, म्हणजे तिचा खर्च खरोखर कमी झाला, की तो दुसऱ्या कोणाच्या खात्यावर टाकला गेला?

या उद्योगाच्या भारतातल्या वाढीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग पुढे पुण्यातून देशभर पसरला. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि ‘संडे हो या मंडे’ ही तिची जाहिरात घराघरांत पोहोचली. परदेशी वंशाची पिल्ले, कारखान्यातले खाद्य, लसी, औषधे आणि प्रचार या सगळ्यांची एक साखळी तयार झाली. परसातली कोंबडी सहा-सात महिन्यांत जेवढी भरायची, त्याहून जास्त ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत भरतो. साधारण दोन किलोचा झाला की तो उचलला जातो.

हा वेग कुठून आला, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसते. संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतल्या वंशांचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले. छप्पन्नाव्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असल्याने फरक पडला तो निवडीने घडवलेल्या शरीराचा. परंतु छातीचे मांस ज्या वेगाने वाढते त्या वेगाने पाय आणि हृदय वाढत नाहीत. लंगडणे, पोटात पाणी होणे, अचानक मरून पडणे हे या वंशांतले नेहमीचे विकार आहेत. धंद्याच्या भाषेत त्या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘मरतूक’. ती टक्क्यांत मोजली जाते.

अंड्यांच्या कोंबडीची स्थिती याहून कठीण. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला येणारी जागा साधारण टंकलेखनाच्या एका कागदाएवढी असते; तिथे पंख पसरता येत नाहीत. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा आहे. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात याच विषयावर नियमांचे मसुदे सुचवले. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे कायदा आहे आणि पिंजरेही आहेत.

आता माणसांकडे वळू. ग्रामीण महाराष्ट्रात ब्रॉयलरचा मोठा भाग करार पद्धतीने वाढवला जातो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, पाणी, वीज, भाताचे तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. पक्षी तयार झाला की कंपनी उचलते आणि शेतकऱ्याला किलोमागे ‘वाढीचा दर’ देते. एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले आणि मरतूक किती झाली, यावर तो दर वरखाली होतो. बाजारभावाची चिंता कंपनी घेते, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे आणि म्हणूनच अनेक तरुण तिच्याकडे वळले. मात्र पिल्लू अशक्त निघाले किंवा खाद्य हलके आले, तर त्याचा परिणामही शेतकऱ्याच्याच दरात दिसतो. ज्या पक्ष्याचा तो मालक नाही, त्याच्या मरणाचा भार मात्र त्याच्यावर येतो.

संकटात ही विभागणी उघडी पडते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यात, चिरनेरला, ही साथ पोहोचली. अशा वेळी बाधित क्षेत्रातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, मग ते शेडमधले असोत की परसातले. सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची, खाद्याची मिळते. रिकाम्या शेडच्या कर्जाच्या हप्त्याची नाही. २०२० च्या सुरुवातीला तर रोग नसताना, करोना कोंबडीमुळे पसरतो या निव्वळ अफवेने भाव कोसळले.

शेतकऱ्याच्याही खाली शेडवरचा मजूर आहे. तो अनेकदा बायकामुलांसह शेडलाच राहतो, अमोनियाच्या वासात आणि तुसाच्या धुळीत. कायद्याने त्याला काय मानले? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात कुक्कुटपालन ‘शेती’त मोडत होते, म्हणून मजुराला दर शेतमजुरीचा होता. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र हेच उत्पन्न शेतीचे नाही, व्यवसायाचे. म्हणजे एकच शेड कर घेताना धंदा ठरत होती आणि मजुरी देताना शेत. साखळीच्या शहरी टोकाला, आपल्या गल्लीतल्या चिकनच्या दुकानात, ओल्या लादीवर पहाटेपासून सुरी चालवणारा पोरगा तर बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसतो.

तिसरे खाते आपल्या शरीराचे. दाटीत वाढणाऱ्या, एकाच वंशाच्या हजारो पक्ष्यांत रोग झपाट्याने पसरतो. म्हणून आजार होण्याआधीच खाद्यापाण्यातून प्रतिजैविके देण्याची सवय जगभर पडली. त्याने वजनही वाढते, हे कळल्यावर ती पक्की झाली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. त्याहून मोठा धोका अंशांचा नाही, औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा आहे. ते मांस हाताळणाऱ्याच्या हातावर येतात, विष्ठेच्या खतातून शेतात जातात. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागात इतर औषधे हरल्यावर वापरायचे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सरकवणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरे, मांस आणि रुग्ण या तिन्हींत सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. निर्णय योग्यच होता. पण बंदी औषधावर आली, औषधाची गरज निर्माण करणाऱ्या दाटीवर आली नाही.

येथे तिन्ही खाती एकमेकांत मिसळतात. शेडमध्ये पक्षी कमी ठेवले, वंश सावकाश वाढणारा निवडला, तर पक्ष्याचे हाल कमी होतात, मजुराच्या छातीत जाणारा अमोनिया घटतो आणि औषधही कमी लागते. पक्ष्याची दया, कामगाराचा हक्क आणि ग्राहकाचे आरोग्य हे तीन वेगळे विषय नाहीत. आपण ते तीन वेगळ्या खात्यांकडे सोपवले आहेत, पशुसंवर्धन, कामगार आणि अन्न व औषध प्रशासन.

यावर सुखवस्तू घरांनी शोधलेला उपाय म्हणजे गावठी कोंबडी किंवा ‘औषधमुक्त’ असा शिक्का असलेले महागडे पाकीट. ज्याला परवडते तो त्या हिशेबातून बाहेर पडतो. महाप्याच्या टपरीवर जेवणारा आत राहतो. म्हणून ही निवड ग्राहकावर सोडून भागणार नाही. विधी आयोगाच्या मसुद्यांवर निर्णय, करारात पिल्लू आणि खाद्य यांच्या दर्जाची जबाबदारी कंपनीवर, शेडवरच्या आणि दुकानातल्या मजुराची नोंद, पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध नाही, या चार गोष्टी सरकारच करू शकते. त्यांनी कोंबडी काही रुपयांनी महाग होईल, हे मान्य करायला हवे. मग त्या वाढीचा भार टपरीवर जेवणाऱ्यावर किती आणि कंपनीच्या नफ्यावर किती, हा वाद उघडपणे घालता येईल. आज तो वाद होतच नाही, कारण ते रुपये बिलावर कुठेच लिहिलेले नाहीत. कोणी ना कोणी ते भरतच आहे.