बोटभर चौकटीतली चित्रकला

दोन-चार जणांनी मिळून केलेल्या छोट्या व्हिडिओ गेममागे तीन-चार वर्षं सहज जातात. लोकांना त्या गेमचं जे चित्र सगळ्यात आधी दिसतं, ते ऑनलाइन दुकानातलं थंबनेल, मात्र बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात उरकलं जातं. मोठ्या प्रचारचित्राचा एक तुकडा कापायचा, त्यावर नाव बसवायचं आणि चढवून मोकळं व्हायचं. गेल्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईत गेम करणारे चांगले स्टुडिओ उभे राहिले, उत्तम चित्रकार या धंद्यात आले. पण आपलं चित्र शेवटी किती लहान दिसणार आहे, याचा विचार त्यांच्यातले फार थोडे करतात, आणि आपली थंबनेलं तिथेच मार खातात.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाची मापं पाहिली की हे लगेच ध्यानात येतं. तिथे थंबनेलला कॅप्सूल म्हणतात. मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६ पिक्सेलचं, उभं ७४८ बाय ८९६ चं, लहान ४६२ बाय १७४ चं. यातलं लहान कॅप्सूल शोधयादीत जातं तेव्हा आणखी आकसतं आणि काही ठिकाणी १२० बाय ४५ इतकंच उरतं. चित्रकार रंगवतो मोठ्या पडद्यावर, गिऱ्हाईक पाहतं ते या चिंधीएवढ्या पट्टीत. शंभर डॉलर भरून कोणालाही गेम विकायला ठेवता येईल, अशी सोय स्टीमने २०१७ मध्ये केली. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे रोजचे साधारण पन्नास. त्या गर्दीत एका पट्टीवर नजर किती वेळ ठरणार?

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने एक नियम लावला. कॅप्सूलवर फक्त चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक. समीक्षकांचे तारे, पुरस्कारांच्या पट्ट्या, सवलतीचे आकडे सगळे बंद. गूगल प्लेनेही आयकॉनवरून ‘पहिला क्रमांक’ छापाच्या पट्ट्या हटवल्या. तेव्हा पुष्कळ जण कुरकुरले. मला तो नियम मनापासून पटतो. चित्राला आता कुबड्या नाहीत, त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं.

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावात गेम म्हणजे मोबाइल. संगणकावर स्टीम उघडून बसणारी पोरं इथे थोडीच. त्यामुळे इथल्या नजरेला वळण लागलंय ते प्ले स्टोअरच्या चौकोनी आयकॉनचं. ५१२ बाय ५१२ चं चित्र द्यायचं, त्याचे कोपरे गूगल स्वतः गोल करतं आणि हातातल्या फोनवर ते जेमतेम सेंटिमीटरभर दिसतं. शिवाय बसस्टँडवर, भर उन्हात, पडद्यावर धूळ आणि बोटांचे ठसे असताना. या आयकॉनवर एका चेहऱ्याने वर्षानुवर्षं राज्य केलं. २०१२ मध्ये ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आला, त्याच्या आयकॉनवर तोंड वासून ओरडणारा मिशीवाला योद्धा होता. माणसाची नजर चेहऱ्याकडे आपोआप वळते, त्यात उघडं तोंड आणि वटारलेले डोळे म्हणजे उन्हातही वाचता येणारे तीन ठळक आकार. युक्ती खरी होती, म्हणून तर सगळ्यांनी उचलली. आणि ज्या दिवशी सगळेच ओरडू लागले, त्या दिवसापासून कोणाचंच ओरडणं ऐकू येईना.

छोट्या गेमवाल्यांनी याच्या उलट वाट शोधली, तिथे ही कला खऱ्या अर्थाने वाढली. २०१० च्या ‘लिंबो’मध्ये काळ्या आकृतीत दोन पांढरे ठिपके, म्हणजे त्या मुलाचे डोळे. २०१७ च्या ‘हॉलो नाइट’मध्ये दोन शिंगांचा पांढरा मुखवटा. २०२४ च्या ‘बलात्रो’त पत्त्यातला विदूषक. तिन्ही चित्रं कितीही लहान करा, बाह्यरेषा मोडत नाही. रंग गेले तरी आकार बोलतो. शिवाय तिन्ही चित्रं आत काय मिळणार ते खरंखुरं सांगतात. थंबनेल भलतंच काही कबूल करून बसलं तर गिऱ्हाईक येतं, पण दोन तास खेळून व्हायच्या आत पैसे परत मागून निघून जातं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा इथला सगळ्यात गाजलेला छोटा गेम. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला, तरी मंडळींनी नेट सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, पुढे बाकीच्या यंत्रांवर, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. भाऊ गोलूला शोधायला निघालेली राजी हातात त्रिशूळ घेऊन दैत्यांशी लढते. खेळाच्या आत काय दृश्यवैभव आहे! पहाडी लघुचित्रांवरून घेतलेले रंग, गोष्ट पुढे नेणाऱ्या छायाबाहुल्या, भिंतींवरची पुराणचित्रं. प्रचारचित्र मात्र साहसी खेळांच्या ओळखीच्या घाटाचं आहे: शस्त्रधारी नायिका, तिच्यामागे भव्य वास्तू. ते देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या खेळाचं जे खास स्वतःचं, ती छायाबाहुली, ती दारातच अडून राहिली. एका छायाबाहुलीची काळी कातरलेली आकृती १२० बाय ४५ मध्येही ओळखू आली असती, आणि तिच्यासारखं त्या गर्दीत फार थोडं होतं.

राजीनंतर जे पौराणिक गेम जाहीर झाले, त्यांची थंबनेलं शेजारी शेजारी ठेवली की जीव हळहळतो. मावळतीचं केशरी आकाश, सोनेरी कळस, पाठमोरा योद्धा, हातात चमकणारं शस्त्र. केशरीवर सोनेरी लहान केलं की दोन्ही मिळून एकच पिवळट डाग होतो.

मी हे कुहीच्याच तालुक्यातल्या एका दृश्यावर करून पाहिलं. आंभोऱ्याला नद्यांच्या संगमावर चैतन्येश्वराची टेकडी आहे आणि आता केबलवर तोललेला मोठा पूल आहे. संध्याकाळचा फोटो घेतला आणि पट्टीएवढा केला. पाण्याचा सगळा विस्तार करड्या रेघेत गेला, देऊळ टेकडीत विरघळलं. टिकला तो पुलाचा मनोरा आणि केबलच्या तिरप्या रेघा. मग आकाश उजळ करून टेकडी गडद केली, देवळाचं शिखर आकाशावर आणलं, बाकीचं निर्दयपणे कापलं. तेव्हा कुठे देऊळ दिसलं. थंबनेलचं निम्मं काम हे असं काय टाकायचं ते ठरवण्याचं असतं.

अक्षरांचा प्रश्न याहून अवघड. देवनागरीत वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत रोमन अक्षर जेवढं मोठं बसतं, तेवढं देवनागरी बसत नाही. म्हणून आपले गेम नाव रोमनमध्येच लिहून मोकळे होतात. पण मराठीत हा प्रश्न एकदा सुटलेला आहे. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं काढली, ती अशाच बोटभर चौकटींसाठी होती. वर्तमानपत्राचा तो कागद शाई पिणारा, शेजारी दहा नाटकांची गर्दी, आणि तरी नुसत्या अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. आमच्याकडे मंडईच्या म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागतात. त्यांवर कलाकारांच्या चेहऱ्यांची इतकी दाटी असते की एकही लक्षात राहत नाही, हा त्यांचा मोठा दोष. पण नाटकाचं नाव? धावत्या एसटीतूनही वाचता येतं. गेमच्या चित्रकारांनी त्या फलकांवरचे चेहरे सोडून अक्षरं अभ्यासावीत.

विषयांची वाण आहे म्हणावं, तर तेही नाही. याच तालुक्यातल्या मांढळला नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात वाकाटक काळातल्या मूर्ती निघाल्या. त्यांतली अनेक मुखांची शिवप्रतिमा तर नुसत्या बाह्यरेषेवर ओळखता येईल अशी आहे. केशरी आकाशाची तिला गरजच नाही.

सध्या या कलेपुढे नवं संकट आहे ते यंत्राने बनवलेल्या चित्रांचं. स्टीमने २०२४ पासून गेममधल्या अशा वापराची माहिती देणं बंधनकारक केलं, तरी ओघ थांबलेला नाही. ती चित्रं मोठी असताना डोळे दिपवतात आणि लहान झाली की एकमेकांसारखी होतात, कारण त्यांत सगळीकडे सारखाच तपशील, सारखीच चकाकी असते. हाताने रंगवणारा चित्रकार चेहऱ्यावर थांबतो आणि पार्श्वभूमी ढिली सोडतो, म्हणून त्याचं चित्र आकसतानाही काहीतरी राखून ठेवतं.

तेव्हा चित्रकाराला गेमच्या सुरुवातीलाच बोलवावं. आकृती, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या थरांवर रंगवून घ्यावं, म्हणजे आडव्या आणि उभ्या मापांसाठी पुन्हा जुळवणी करता येते. पहिली पाच-सहा कच्ची चित्रं लहान मापातच पाहावीत, मोठी करूच नयेत. प्ले स्टोअरवर तर दोन आयकॉन समोरासमोर लावून लोक कोणत्यावर थांबतात ते तपासण्याची सोय २०१५ पासून आहे, ती वापरावी. पैसेही नीट द्यावेत. आणि संगीतकाराचं, संवादलेखकाचं नाव गेमच्या शेवटी येतं, तसं थंबनेल रंगवणाऱ्याचंही यावं. आज बऱ्याच गेममध्ये ते शोधूनही सापडत नाही.