एका आकड्यात हवा मावेल का?

भारतात २०१५ पासून हवेची प्रत एकाच निर्देशांकात सांगितली जाते. सोय खरी, पण हा आकडा निघतो कसा? आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट तेवढा जाहीर होतो. बाकीचे झाकले जातात. अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असले, तरी शेरा ‘समाधानकारक’! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे. शिवाय दिवसभराच्या सरासरीत सकाळच्या रहदारीचा धूर दिसेनासा होतो, आणि मुले शाळेला निघतात ती नेमकी तेव्हाच. म्हणून फळ्यावर निर्देशांक लिहिताना शेजारी दोन प्रश्नही लिहावेत : प्रदूषक कोणता? सरासरी किती तासांची?