स्लॅशिंग : शिक्षा नेमकी कशाची?

प्रूफ ऑफ स्टेकवरच्या बहुतेक टिपणांत एक वाक्य हमखास भेटते : ‘अप्रामाणिक व्हॅलिडेटरची अनामत जप्त होते.’ परीक्षेत ते लिहिलेत तर गुण मिळतील. पण इथेरियमचे नियम समोर ठेवून तपासले, तर त्यातला ‘अप्रामाणिक’ हा शब्द टिकत नाही.

इथेरियमवर व्हॅलिडेटर होण्यासाठी किमान ३२ इथर अडकवावे लागतात. स्लॅशिंगची कारणे मोजकी आहेत : एकाच स्लॉटसाठी दोन वेगळे ब्लॉक मांडणे, एकाच लक्ष्य-इपॉकसाठी दोन वेगळी मते देणे, किंवा आपल्याच एका मताला वेढणारे दुसरे मत देणे. या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. प्रत्येक वेळी एकाच चावीच्या दोन परस्परविरोधी स्वाक्षऱ्या सापडतात. त्या शेजारी ठेवल्या की पुरावा पूर्ण झाला. साक्षीदार नको, न्यायाधीश नको. हेतू विचारण्याची सोय मात्र या रचनेत नाही. (यंत्र बंद पडले म्हणून कोणी स्लॅश होत नाही. त्याला फक्त हुकलेल्या मतांचा किरकोळ दंड बसतो. टिपणांत या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.)

मग जाळ्यात सापडतात कोण? फेब्रुवारी २०२१ मध्ये एका व्यावसायिक सेवेचे ७५ व्हॅलिडेटर स्लॅश झाले, ते तांत्रिक चुकीमुळे. राखीव यंत्रावर तीच चावी चालू राहिली की असे सहज घडते. याउलट, एखाद्याने ठरावीक पत्त्यांचे व्यवहार आपल्या ब्लॉकमध्ये मुद्दाम घेतलेच नाहीत, तर विरोधी स्वाक्षरीच नसल्यामुळे स्लॅशिंगही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, अशीच ही स्थिती वाटते.

आणि चोर सापडला तरी? एप्रिल २०२३ मधील प्रकरण पाहा. बरेच व्हॅलिडेटर स्वतः ब्लॉक बांधत नाहीत. रिले नावाच्या मध्यस्थाकडून ते ब्लॉकचे फक्त शीर्षक घेतात, त्यावर स्वाक्षरी करतात, आणि मगच रिले आतले व्यवहार उघड करतो. एका व्हॅलिडेटरने मुद्दाम सदोष शीर्षकावर स्वाक्षरी करून पाठवली. तो ब्लॉक जाळ्यात पसरू शकला नाही, तरी रिलेने मजकूर उघड केला. त्याने आतले ट्रेडिंग बॉटचे व्यवहार वाचले, स्वतःचा वेगळा ब्लॉक बांधला आणि त्यावरही स्वाक्षरी केली. एकाच स्लॉटसाठी दोन स्वाक्षऱ्या झाल्या, स्लॅशिंगही झाले. तेव्हा तात्काळ दंड होता अनामतीचा बत्तिसावा भाग, म्हणजे १ इथर. त्या वेळच्या भावाने तो दोन हजार डॉलरपेक्षाही कमी होता. लुटीचा आकडा अमेरिकी सरकारी वकिलांनी मे २०२४ च्या आरोपपत्रात सुमारे २.५ कोटी डॉलर दिला. रिलेच्या सॉफ्टवेअरमधली फट नंतर बुजवण्यात आली. म्हणजे पुढच्या चोराला अडवले ते दंडाने नव्हे, दुरुस्तीने.

रचनाकारांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्या दृष्टीने स्लॅशिंग एकट्या चोरासाठी नाहीच, ते कटासाठी आहे. म्हणून तात्काळ दंडाव्यतिरिक्त एक दुसरा दंड आहे. सुमारे ३६ दिवसांच्या काळात एकूण स्टेकचा जेवढा हिस्सा स्लॅश झाला, त्याच्या तिप्पट प्रमाणात प्रत्येकाची अनामत कापली जाते. एक तृतीयांश स्टेकने मिळून दगा दिला तर सगळी रक्कम जाते, आणि अंतिमता मोडायला किमान तेवढाच हिस्सा लागतो. हे गणित मला खरोखर देखणे वाटते.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. मे २०२५ च्या पेक्ट्रा सुधारणेने एका व्हॅलिडेटरला २०४८ इथरपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. जुन्याच दराने एका चुकीसाठी ६४ इथर गेले असते, म्हणून तात्काळ दंड ४०९६ व्या भागावर आणला. आता वहीत आकडेमोड करून पाहा. एखाद्या मोठ्या सेवेकडे एकूण स्टेकचा १० टक्के हिस्सा आहे, आणि सॉफ्टवेअरमधल्या एकाच बगमुळे तिचे सगळे व्हॅलिडेटर एकदम स्लॅश झाले. कोणाचाही वाईट हेतू नसताना प्रत्येक ३२ इथरमागे ९.६ इथर जातील. एप्रिल २०२३ चा डाव आज कोणी एकट्याने खेळला, तर त्याला व्हॅलिडेटर म्हणून बाहेर काढले जाईल, बाहेर पडेपर्यंतचे काही छोटे दंड बसतील, आणि ३२ इथरवर तात्काळ दंड होईल ०.००७८ इथर.