वाफेचे सौंदर्य आणि भट्टीपाशी उभा असलेला माणूस

आमच्या पोखर्णीच्या एका विद्यार्थ्याने चित्र काढून आणले. परभणी-परळी मार्गावरचे आमचे स्थानक त्यात आहे. पण रुळांवर गाडी नाही. वर आकाशात पितळी विमान तरंगते आहे. त्याला बॉयलर आहे, दट्टे आहेत, दातेरी चाके आहेत, धुराडे आहे. चित्र देखणे होते. मी त्याला एकच प्रश्न केला : ‘या बॉयलरमध्ये कोळसा कोण टाकतो?’ मुलगा गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्यातून हा लेख सुचला.

या शैलीला ‘स्टीमपंक’ म्हणतात. अमेरिकन कादंबरीकार के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकातले वाफेचे यंत्र मागे न पडता वाढतच गेले असते तर जग कसे दिसले असते, ही तिची मूळ कल्पना. कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’ (२००४) हा जपानी चित्रपट तिचा ठळक नमुना आहे.

हे आकर्षण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. हातातला मोबाइल उघडला तरी आत काय चालते ते दिसत नाही. वाफेच्या यंत्रात दट्टा सरकतो, दांडा हलतो, चाक फिरते. कार्यकारणभाव डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्यांच्यापासून ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या दडवून ठेवले गेले, त्यांना असे उघडे यंत्र आवडावे यात नवल नाही. यंत्राचा द्वेष हा आपला वारसाही नाही. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ (१९४५) या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजरचनेत चालते तिचा आहे. यंत्रावाचून कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

माझा आक्षेप निराळा आहे. ही शैली यंत्रांचा इतिहास बदलते; समाजाचा इतिहास मात्र बहुधा तसाच ठेवते. तिचा पूर्वज ज्यूल व्हर्न. त्याचा कॅप्टन नेमो ‘मिस्टीरियस आयलंड’ (१८७५) मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. २००३ च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ या चित्रपटात ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. व्हर्नच्याच ‘द स्टीम हाऊस’ (१८८०) मध्ये वाफेवर चालणारा हत्ती उत्तर हिंदुस्थानात फिरती घरे ओढतो. या कल्पनाविश्वात आपल्या देशातून राजपुत्र आला, हत्ती आला. भट्टीपाशी घाम गाळणारा माणूस नायक होऊन आला नाही.

प्रत्यक्षात वाफ आपल्याकडे कशी आली? १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया पडला. गावकुसाबाहेरचा माणूस या धुराकडे आशेने गेला. पण गिरणीतही जात त्याच्याआधी पोचली होती. साचेखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याच्या ओठांचा धोटा आपल्या ओठांना लागेल म्हणून स्पृश्य कामगारांनी त्याला त्या जास्त वेतनाच्या खात्यात येऊ दिले नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जे यंत्र शेकडो माग फिरवू शकले, त्याला ओठांवरची अस्पृश्यता हलवता आली नाही. आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तिचे जुने धुराडे अजून उभे आहे, पण धोट्याची गोष्ट तिथे खरेदीला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

माझे चुलते पूर्णेच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. इंजिनावर त्यांचे प्रेम होते. ते पितळेच्या झळाळीविषयी कधी बोलले नाहीत. चढण आली की कोळसा कुठे आणि किती टाकायचा, दाबाचा काटा कसा सांभाळायचा, हे रंगून सांगत. यंत्राचे सौंदर्य त्यांच्या लेखी कौशल्यात होते. ते सौंदर्यशास्त्र अजून पडद्यावर आलेले नाही.

‘असे झाले असते तर’ हा प्रश्न खरे तर आपलाच आहे. ज्यांना इतिहासाने नाकारले, त्यांच्याइतका तो कोणाला विचारावासा वाटेल? विमाने वाफेवर उडवणाऱ्या प्रतिभेला जातीविना चालणारी गिरणी सुचू नये, हे तिचे दारिद्र्य आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी ही शैली टाकून देऊ नये, ती हातात घ्यावी. पितळी विमान जरूर काढावे; पण आधी भट्टीपाशी उभा असलेला माणूस काढावा, आणि त्याला चेहरा द्यावा.